‘डोकं चालत नाहीये’ हा बहाणा नाही : कोविड आणि आपला मेंदू

आजचा भाग जरा मोठा आहे, त्यामुळे लोकलमध्ये, एसटीत, भांडी घासताना, जिथे कुठे ऐकत असाल तिथे निवांत ऐका. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आजचा विषय आहे कोविड आणि मेंदू. आता तुम्ही म्हणाल, अरे, कोविड कधीच संपला की! मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात सुकून गेल्या. बरोबर आहे. पण काही जणांसाठी तो अजून संपलेला नाही. ताप चार दिवसांत उतरला, खोकला दोन आठवड्यांत थांबला, टेस्ट निगेटिव्ह आली. पण त्यानंतर कितीतरी महिने पुस्तकाचं एकच पान तीन-तीनदा वाचावं लागतं. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. गॅसवर दूध ठेवलंय हेच विसरायला होतं. एक लेक्चर अटेंड केलं की दिवसभराची बॅटरी डाउन.

लोक याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात, म्हणजे डोक्यात धुकं. हे काही डॉक्टरी नाव नाही. लोकांनी स्वतःच्या त्रासाला दिलेलं नाव आहे. तसं ‘लाँग कोविड’ हे नावसुद्धा डॉक्टरांकडून आलेलं नाही. मे २०२० मध्ये इटलीतल्या एलिसा पेरेगो नावाच्या पुरातत्त्व संशोधक बाईंनी, ज्या स्वतः आजारी होत्या, ट्विटरवर तो हॅशटॅग वापरला. मग इतर पेशंट्सनी उचलला, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेला त्याची व्याख्या करावी लागली. म्हणजे पेशंट आधी बोलले, वैद्यकशास्त्र नंतर आलं.

पण ज्याला हा त्रास होतो, त्याला घरात काय ऐकायला मिळतं? एक तर, “काही झालेलं नाही तुला, आधी तो मोबाईल बाजूला ठेव.” नाहीतर दुसरं टोक, व्हॉट्सअ‍ॅपवरचं: “व्हायरस मेंदू खातो, एकदा गेलेला मेंदू परत येत नाही.” पहिलं ऐकून माणूस स्वतःलाच आळशी समजायला लागतो, दुसरं ऐकून घाबरून हातपाय गाळतो.

आज आपण बघणार आहोत की दोन्ही चूक का आहेत. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: कोविडचा विषाणू सहसा मेंदूच्या मुख्य पेशी मारत सुटत नाही. त्या पेशींची जी देखभाल करणारी मंडळी असतात, त्यांच्यात तो गडबड करतो. त्यामुळे त्रास खरा असतो, शरीरातला असतो. आणि त्याच कारणामुळे बऱ्याच जणांच्या बाबतीत तो भरून येण्यासारखाही असतो.

आधी मेंदूची सोसायटी समजून घेऊ

एखादी मोठी हाउसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा. तिथे राहणारी माणसं म्हणजे न्यूरॉन, आपल्या चेतापेशी. विचार, आठवण, बोलणं, हालचाल, सगळं त्यांच्या आपापसातल्या निरोपांवर चालतं. पण सोसायटी फक्त रहिवाशांवर चालते का? गेटवर वॉचमन लागतो, पाण्याच्या पाइपलाइन लागतात, कचरा उचलणारे लागतात, वायरिंग बघणारा लागतो.

मेंदूतही असंच आहे. रक्तवाहिन्या म्हणजे पाइपलाइन. त्या वाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातली वाटेल ती गोष्ट मेंदूत शिरू शकत नाही. याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात, हा आपला वॉचमन. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी साफसफाई आणि सुरक्षा बघतात. आणि चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. ते असलं की निरोप झटपट जातात.

आता समजा, रहिवासी सगळे सुखरूप आहेत, पण पाइप गळतायत, वॉचमन जागेवर नाही आणि सफाईवाले भलतेच आक्रमक झालेत. अशा सोसायटीत राहणं मुश्कील होईल की नाही? ब्रेन फॉगमध्ये साधारण असंच काहीसं होत असावं, असं आतापर्यंतचं संशोधन सुचवतं.

वास गेला, तेव्हा नक्की काय झालं?

या गोष्टीचा पहिला पुरावा आपल्या नाकात मिळाला. आठवतंय? २०२० मध्ये लोक म्हणायला लागले, फोडणीचा वास येत नाही, चहाची चव लागत नाही. जून २०२० मध्ये आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं.

वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या अगदी वरच्या भागात असतात आणि त्यांचे धागे थेट मेंदूत जातात. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना भीती होती, की विषाणू याच वाटेने मेंदूत चढतोय. पण शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. विषाणूला पेशीत शिरायला जो दरवाजा लागतो, एसीई-२ नावाचा, तो वास घेणाऱ्या चेतापेशींवर जवळजवळ नसतोच. तो असतो त्यांच्या शेजारच्या आधार देणाऱ्या पेशींवर. विषाणू या आधारपेशींना धरतो. त्या कोलमडल्या की वास घेणाऱ्या पेशी असून नसल्यासारख्या होतात.

बघा, इथेच आपला मुद्दा आला. रहिवासी जागेवर आहे, पण त्याची देखभाल करणारा आजारी आहे. आणि म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. काहींचा मात्र महिनोन्‌महिने आला नाही, आणि काहींचा आला तो विचित्र होऊन. कांदा, कॉफी, तळलेले पदार्थ सगळ्यांनाच सडका नाहीतर जळका वास. याला पॅरॉस्मिया म्हणतात. ऐकायला गंमत वाटते, पण ज्याला आईच्या हातच्या जेवणाचा घास तोंडात घेतल्यावर मळमळतं, त्याला विचारा. जेवण तुटतं, वजन घटतं, आणि घरच्यांना वाटतं, नखरे चाललेत.

मग मेंदूच्या आत काय होतं?

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये अविंद्र नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कोविडने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले. त्यांना बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली दिसली. भिंती पातळ झालेल्या, काही ठिकाणी रक्तातले घटक बाहेर झिरपलेले. पण त्या मेंदूंमध्ये त्यांना विषाणू सापडला नाही. पुढे दुसऱ्या काही अभ्यासांत विषाणूच्या जनुकीय साहित्याचे अंश मेंदूत मिळाले आहेत, त्यामुळे ‘तो मेंदूत कधीच जात नाही’ असं कोणी म्हणू नये. पण जी हानी दिसते तिचा मोठा भाग सूज, रक्तवाहिन्या आणि आपल्याच प्रतिकारशक्तीच्या अतिउत्साहामुळे होतो, असंच चित्र पुढे येत गेलं.

हे झालं मृत्यू झालेल्यांबद्दल. जिवंत, घरी बरे झालेल्यांचं काय? २०२४ मध्ये आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी एक खास प्रकारचा एमआरआय वापरून लाँग कोविडच्या पेशंट्सचा ब्लड-ब्रेन बॅरियर तपासला. ज्यांना ब्रेन फॉग होता त्यांच्यात तो बॅरियर गळत होता. लाँग कोविड आहे पण ब्रेन फॉग नाही, अशांमध्ये तशी गळती दिसली नाही. अभ्यास लहान होता, पण ज्या तक्रारीला ‘मनाचे खेळ’ म्हटलं जात होतं ती स्कॅनवर दिसली, हे महत्त्वाचं.

तिसरा धागा सफाईवाल्यांचा. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि येलच्या अकिको इवासाकी यांच्या टीमने २०२२ मध्ये उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना सौम्य कोविड झाला, तोही फक्त श्वसनमार्गात. मेंदूत विषाणू नव्हताच. तरीही मेंदूतल्या मायक्रोग्लिया चवताळल्या आणि मायलिन बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या. हा परिणाम आठवड्यांनंतरही टिकून होता. कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर पेशंट्सना जे ‘केमो ब्रेन’ होतं, त्याच्याशी हे बरंच मिळतंजुळतं आहे, असं त्यांनी दाखवलं.

याचा अर्थ काय, तर आजार छातीत असला तरी प्रतिकारशक्तीचे रासायनिक निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात. साध्या तापातसुद्धा आपल्याला गणित सुचत नाही, पडून राहावंसं वाटतं, ते याच निरोपांमुळे. फक्त इथे ताप गेला तरी निरोप थांबत नाहीत.

मेंदूच्या बाहेरच्या नसा

मज्जासंस्था फक्त कवटीत नसते, ती पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली होती, ते आठवत असेल. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूवर होता. कोविडशी त्याचा संबंध नव्हता. पण यंत्रणा समजून घ्यायला ते उदाहरण चांगलं आहे: शरीर जंतूशी लढतं, आणि लढता लढता चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. पायातून ताकद जाते, मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर चढत जातो. कोविडनंतरही काही रुग्णांमध्ये असं झाल्याची नोंद आहे. दुर्मीळ आहे, पण झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं.

त्याहून जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचा घोळ. हृदयाचे ठोके, बीपी, घाम, पचन, हे सगळं आपण न सांगता चालवणारी ही यंत्रणा. ती बिघडली की माणूस नुसता उभा राहिला तरी छाती धडधडते, डोळ्यापुढे अंधारी येते. यातल्या एका प्रकाराला ‘पॉट्स’ म्हणतात. उभं राहिल्यावर १० मिनिटांत नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते, किशोरवयीन मुलांमध्ये ४० किंवा जास्त, आणि तरी बीपी फारसं पडत नाही. आडवं असताना ईसीजी काढला तर तो नॉर्मल येऊ शकतो, आणि पेशंटला “टेन्शन घेताय तुम्ही” असं सांगून घरी पाठवलं जातं. तुम्हाला असं होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “झोपून आणि उभं करून, दोन्ही वेळा नाडी बघा.” एवढं एक वाक्य खूप वेळ वाचवू शकतं.

आकडे ऐकून घाबरायचं का?

आता इंस्टाग्रामवर फिरणाऱ्या दोन बातम्या नीट बघू.

पहिली: ‘कोविडमुळे मेंदू आकसतो.’ ही आली ऑक्सफर्डच्या अभ्यासातून, मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या. यूके बायोबँकमधले ७८५ लोक. त्यांचे मेंदूचे स्कॅन साथ येण्याआधीच काढलेले होते. त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला, आणि मग सगळ्यांचे पुन्हा स्कॅन काढले. कोविड झालेल्यांमध्ये वासाशी संबंधित भागांत ०.२ ते २ टक्के जास्त घट दिसली. अभ्यास उत्तम आहे, कारण आधीचा आणि नंतरचा फोटो दोन्ही हातात होते. पण त्यातल्या लोकांचं वय होतं ५१ ते ८१. हा गटाचा सरासरी फरक आहे, प्रत्येकाचा नाही. आणि वास येणंच बंद झालं म्हणून तो भाग थोडा बारीक झाला असेल, ही शक्यता संशोधकांनीच मांडली होती. प्लॅस्टरमधल्या हाताचा स्नायू बारीक होतो ना, तसं.

दुसरी: ‘कोविडने आयक्यू घसरतो.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये इम्पीरियल कॉलेज लंडनच्या टीमने इंग्लंडमधल्या सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांचा निष्कर्ष छापला. पूर्ण बरे झालेल्यांमध्ये सरासरी ३ आयक्यू गुणांइतका फरक, लक्षणं टिकून असलेल्यांमध्ये ६, आणि आयसीयूत राहिलेल्यांमध्ये ९. बातमीत एवढंच आलं. पण त्याच अभ्यासात दोन दिलासादायक गोष्टी होत्या. एक, सुरुवातीच्या मूळ विषाणूच्या तुलनेत नंतरच्या व्हेरियंट्समध्ये परिणाम कमी होता. दोन, ज्यांची लक्षणं खूप दिवस टिकली पण शेवटी गेली, त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या जवळपास आले होते. म्हणजे धुकं विरतं, आणि विरल्यावर डोकं पुन्हा चालतं.

अर्थात सगळ्यांचं लवकर विरत नाही. २०२२ मध्ये साडेबारा लाखांहून जास्त कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, श्वसनाचे इतर आजार झालेल्यांशी तुलना करून. चिंता आणि नैराश्याचा वाढलेला धोका दोन-एक महिन्यांत इतरांइतका खाली आला. पण ब्रेन फॉगसारख्या त्रासांचा धोका दोन वर्षांनंतरही जास्तच होता. म्हणून “आता इतके दिवस झाले, अजून कसलं कोविडचं घेऊन बसलायस?” हे वाक्य कोणालाही ऐकवू नका, प्लीज.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, आज तरी ब्रेन फॉगवर सिद्ध झालेली एकही जादूची गोळी नाही. कोणी ‘मेंदू डिटॉक्स’चा कोर्स, महागडं ड्रिप नाहीतर चूर्ण विकत असेल तर पैसे वाचवा. पण म्हणून काहीच करता येत नाही असं नाही.

एक, दुसरी कारणं तपासून घ्या. बी-१२ कमी असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, शुगर, झोपेतला श्वासाचा त्रास, यातही डोकं असंच जड होतं. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी-१२ची कमतरता भरपूर आहे, आणि ती औषधाने भरून निघते. प्रत्येक धुक्याचं खापर कोविडवर फोडलं तर बरा होणारा आजार राहून जाईल.

दोन, शक्तीचा हिशोब ठेवा. काही जणांना थोडी जास्त मेहनत झाली की, शरीराची असो वा डोक्याची, एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणं उसळून येतात. अशांना “जिम लाव, धाव, हिंमत कर” हा सल्ला उलटा पडतो. शक्तीला महिन्याच्या पॉकेटमनीसारखं वापरा. आज सगळी उडवली तर उद्या उधारी. अभ्यास २०-२५ मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये खरी विश्रांती. आणि विश्रांती म्हणजे रील्स नव्हेत, बरं का!

तीन, ज्यांचा वास गेलाय किंवा बिघडलाय त्यांनी गंधाचा व्यायाम करून बघा. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी कोविडच्या खूप आधी, २००९ मध्ये मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास काही सेकंद शांतपणे घ्यायचा आणि तो आधी कसा होता ते आठवायचं. किमान तीन महिने. खर्च जवळजवळ शून्य, नुकसान नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो. आणि हो, वास येत नसेल तर घरात सांगून ठेवा. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. तुमच्या नाकाला तो वास कळणार नसेल तर गॅसचा डिटेक्टर लावा, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम कोणावर तरी सोपवा.

चार, लस. अनेक अभ्यासांत लस घेतलेल्यांमध्ये लाँग कोविडचं प्रमाण कमी दिसलं आहे. धोका शून्य होत नाही, कमी होतो.

पाच, मन. इथे जरा नाजूक बोलतो. त्रास मेंदूच्या देखभालीतला आहे म्हणजे मनाला काही झालेलं नसतं, असं नाही. महिनोन्‌महिने कोणी विश्वास ठेवत नसेल तर कोणीही खचेल. तेव्हा मदत मागायला लाजू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ नंबर, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि सहा, काही लक्षणांत थांबायचंच नाही. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, किंवा पायातली ताकद भराभर जाणं. हे ब्रेन फॉग नाही. १०८ला फोन करा. गुठळीमुळे आलेल्या स्ट्रोकमध्ये ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. “सकाळी बघू” म्हणण्यात ती वेळ निघून जाते.

जाता जाता

तुमच्या वर्गात, ऑफिसात, घरात असा कोणीतरी असेल, जो आधी हुशार होता आणि आता ‘ढिला’ झालाय असं सगळे म्हणतात. त्याला सल्ला द्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: “हे कधीपासून होतंय?” आणि मग मध्ये न बोलता ऐका. डॉक्टरकडे जाताना त्याच्यासोबत जा, कारण ज्याला शब्दच आठवत नाहीत त्याला स्वतःचा त्रास समजावून सांगणं सगळ्यात अवघड असतं. मोबाईलच्या नोट्समध्ये रोज दोन ओळी लिहायला त्याला मदत करा: आज झोप किती, काम किती, त्रास कधी वाढला. डॉक्टरांसमोर या दोन ओळी लांबलचक तक्रारीपेक्षा जास्त कामाला येतात.

आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर ऐका. तुम्ही आळशी नाही. तुमचा मेंदू संपलेला नाही. सोसायटीत दुरुस्ती चालू आहे, तिला वेळ लागतोय. तोवर पाणी जपून वापरा.

आजच्यापुरतं एवढंच. ज्याला गरज आहे त्याला हा भाग नक्की पाठवा. काही विचारायचं असेल तर नेहमीसारखा व्हॉइस मेसेज करा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!